बावीस पानं

दुकानात मांडून ठेवलेला माल गिऱ्हाइकाला द्यायला नकार देणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे पुस्तकवाले आबा. धुळ्यात एका गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागं सरकावं लागेल एवढंच. कुणी हौसेनं आत यायचं, एखाद्या नव्या कोऱ्या पुस्तकावर बोट ठेवायचं, आणि आबा शांतपणे म्हणायचे, "हे अजून वाचलं नाही. सोमवारी या." गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, वाचायचंय मला, तुम्ही कशाला वाचायला हवं? आबा वाद घालत नसत. पुस्तक त्याच्या हातातून अलगद काढून घेत आणि होतं तिथं ठेवून देत. काही जण हसायचे, काही तणतणत निघून जायचे, आणि बरेचसे सोमवारी परत यायचे.

खेड्यावरून आलेल्या माणसाशी ते त्यांच्या धरणगावकडच्या बोलीत बोलत. "हाई मी वाचेल नही, भाऊ." आणि वाचलेलं असलं की आवाजात एकदम वजन यायचं. "बठ्ठं वाचेल शे." बठ्ठं म्हणजे सगळं. त्यात मुखपृष्ठाच्या आतली बारीक अक्षरं आली, अर्पणपत्रिका आली, शेवटी मानलेले आभार आले. इतर दुकानदार पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर वाचून दाखवायचे, आता तर लोक मोबाइलवर चार चांदण्या बघून मागवतात. आबांकडे मात्र एकच हमी मिळायची, की हे पुस्तक देणाऱ्या माणसानं ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आहे. या एका गोष्टीवर ते दुकान तीस-पस्तीस वर्षं उभं होतं, आणि ती गोष्ट मी मोडली. म्हणून हे लिहायला बसले आहे. त्यांची थोरवी गाण्याचा अधिकार मला उरलेला नाही.

त्यांच्या कपाटांची मांडणी आधी सांगते. वाचून झालेलं पुस्तक सरळ, नाव बाहेर. न वाचलेलं उलटं, नाव भिंतीकडे आणि पानांची पांढरी कड आपल्याकडे. पुण्याहून नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला की एका कपाटाचा एक खण पांढरा व्हायचा, आणि दहा-पंधरा दिवसांत एकेक पुस्तक तोंड फिरवत जायचं. लहान मुलांना ही गंमत फार आवडे. एक यंत्रमागवाला मुसलमान कामगार आपल्या मुलीला घेऊन यायचा, ती आत शिरल्या शिरल्या मोजायची, आबा, आज किती पाठमोरी? आबा तिला मराठी शाळेतल्या मुलांसाठी आलेलं सगळ्यात नवं पुस्तक काढून देत आणि पहिलं पान उभं राहून मोठ्यानं वाचायला लावत. अडखळली तर पुस्तक बदलत. मुलगी बदलायची नाही, पुस्तक बदलायचं, असं ते तिच्या बापाला म्हणायचे.

हा सगळा कडकपणा कुठून आला ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. वडील धरणगावला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत. आबांना सातवीत पहिलं बक्षीस म्हणून एक साहसकथा मिळाली, वस्तीतल्या कुणाच्याही घरात आलेलं ते पहिलं गोष्टीचं पुस्तक. त्यात शेवटून दुसरा फर्मा, म्हणजे एकत्र छापून शिवलेली सोळा पानं, बांधायचीच राहून गेली होती. नायक गुहेत शिरतो आणि पुढच्या पानावर घरी जेवायला बसलेला असतो. आबा मास्तरांकडे गेले, तर मास्तर म्हणाले, मी कुठं वाचलंय, मी फक्त वाटलं. "तेव्हा ठरवलं," आबा म्हणाले, "आपण नुसतं वाटायचं नाही." मोठेपणी त्यांना तेच पुस्तक दुसरीकडे अखंड सापडलं, पण तोवर गुहेत काय झालं याची उत्सुकता मेली होती. त्याची हळहळ त्यांना सत्तरीतही होती.

मी सोनगीरची. धुळ्याला जमीन मोजणीच्या कचेरीत नक्कल विभागात आहे. जुने नकाशे आणि उतारे जसेच्या तसे उतरवून द्यायचे हे माझं काम. एक रेघ सुटली तर दोन भावांची डोकी फुटतात, म्हणून मी कामात काटेकोर आहे, आणि याचा मला चांगलाच गर्व होता. संध्याकाळी साडेसातच्या गाडीपर्यंत वेळ काढायला एकदा आबांच्या दुकानात शिरले. त्यांनी काय वाचता असं विचारलंच नाही. घरी कोण आहे, झोप लागते का, कचेरीत काय करता, एवढंच विचारलं, वैद्यानं विचारावं तसं. मग आकाशातल्या ताऱ्यांवरचं एक नवं पुस्तक हातात दिलं आणि म्हणाले, दिवसभर जमीन बघता, आता जरा वर बघा. त्या दिवसापासून माझं नाव मोजणीवाली पडलं. माझं खरं नाव त्यांनी फार तर दोनदा घेतलं असेल.

दाराशी एक फळा असायचा. त्यावर त्या आठवड्यात वाचून झालेली पुस्तकं आणि प्रत्येकापुढे एक ओळ, हे कुणासाठी आहे त्याची. "ज्यांचं घरात कुणाशी तरी बोलणं बंद आहे त्यांना." "पोहायला घाबरणाऱ्या नऊ-दहा वर्षांच्या मुलांना." "नुकतेच निवृत्त झालेल्यांना, पण पहिल्या महिन्यात नको." लोक येता-जाता फळा वाचत, आणि आपला आजार त्यात सापडला की आत येत. एसटीतून निवृत्त झालेला एक ड्रायव्हर फळा वाचून आत आला होता, त्याला आबांनी कविता दिल्या. तो म्हणाला, मला कवितेतलं काय कळतं? आबा म्हणाले, घाटात वळण घेताना काय कळायचं? घेऊन जा. पुढे हा ड्रायव्हर दर महिन्याला नवीन कवितासंग्रह आलाय का विचारत यायला लागला आणि आबांवर त्याच्यासाठी आणखी वाचायची वेळ आली.

मग उलट्या पुस्तकांचे खण वाढायला लागले. एकाचे दोन झाले, दोनाचे पाच. फळ्यावरची तीच नावं तीन आठवडे राहिली. आलेल्या गठ्ठ्याची सुतळीसुद्धा सुटली नव्हती. साखरेनं आबांच्या डोळ्यांचा मागचा पडदा खाल्ला होता. जळगावला मुलाकडे राहून इंजेक्शनं झाली, लेसर झालं, भिंग आणलं, भिंगाखाली दिवा आणला. अक्षर दिसायचं, पण एक अक्षर दिसेपर्यंत मागचं निसटायचं. मुलानं मोबाइलमध्ये वाचून दाखवणारी सोय करून दिली. आबा दोन दिवस कानाला लावून बसले आणि मग म्हणाले, ही बाई श्वासच घेत नाही, आणि पानाचा आकडासुद्धा वाक्यात वाचते. शिवाय त्यांच्याकडे येणारी निम्मी पुस्तकं तिच्याजवळ नव्हतीच.

एका संध्याकाळी मी गेले तर ते नव्या पुस्तकाची पानं नुसती अंगठ्याखालून फरफर सोडत बसले होते. मला बघून म्हणाले, "मोजणीवाली, मी आता कुणाला काय देऊ?" त्यांचा असा आवाज मी आधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, मी वाचते, तुम्ही ऐका. ते म्हणाले, ऐकलेलं वाचलेल्यात धरायचं का, हे मला ठरवू दे. दोन दिवसांनी त्यांनी ठरवलं, धरायचं. अट एक, सगळं वाचायचं. आवडलं नाही तरी, समजलं नाही तरी.

त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष मी रोज पावणेसहा ते सव्वासात त्यांना वाचून दाखवलं. नाटक करायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. पात्र रडत असलं तरी आपण सरळ वाचायचं. ते डोळे मिटून स्टुलावर बसत, गिऱ्हाईक आलं की हात वर करत, मी थांबायची, गिऱ्हाईक गेलं की नेमक्या त्या शब्दापासून सुरू करायला सांगत. त्यांनी कधीही पुस्तक हातात घेऊन मी किती वाचलं ते चाचपून पाहिलं नाही. खण पुन्हा सरळ व्हायला लागले. फळ्यावरची ओळ ते सांगायचे आणि मी लिहायची. माझ्या आयुष्यात मी कुणाच्या इतकी उपयोगी पडले नव्हते, आणि खरं सांगते, मला त्याचा माज चढला होता.

गेल्या वर्षी ती कादंबरी आली. नवाच लेखक होता. एका सोनाराच्या घराची गोष्ट, त्यातला म्हातारा बारीक नक्षीकाम करणारा. सुरुवातीलाच त्याचे डोळे जायला लागतात. मी वाचत होते आणि आबा स्टुलावर पुढे झुकून ऐकत होते. म्हाताऱ्याच्या हातून तार सुटते, मुलगा ती गुपचूप उचलून परत जागेवर ठेवतो, असं वर्णन होतं. आबा म्हणाले, या माणसाला माहीत आहे. त्यांना ते पुस्तक फार लागलं होतं. चौथ्या दिवशी, सव्वासात होत आले असताना, माझी नजर वाचण्याआधीच पुढच्या प्रकरणावर धावली. तो म्हातारा, आपला घराला भार होतोय म्हणून, पहाटे तलावावर जातो. पायऱ्यांवर चपला जोडून ठेवतो. बावीस पानांचं प्रकरण होतं ते.

मी ती पानं उलटली आणि त्यापुढचं चार पानांचं प्रकरण वाचायला सुरुवात केली. मला आबांना ते ऐकवायचं नव्हतं. त्यांचे मिटलेले डोळे समोर होते, दुकानात आम्ही दोघंच होतो, आणि मला वाटलं, हे ऐकून हा माणूस घरी एकटा कसा जाईल? माझ्या मनात माया होती, हे खोटं नाही. पण आणखी एक प्रकरण वाचूनच जा असं आबांनी म्हटलं होतं, सव्वासात वाजले होते आणि माझी गाडी साडेसातची होती, हेही खोटं नाही. दोन्हीत कशाचं वजन किती होतं ते मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या प्रकरणात म्हातारा नव्हता. आबांनी लगेच विचारलं, तो कुठं गेला? मी म्हटलं, मुलीकडे, सुरतेला. खानदेशातल्या अर्ध्या घरांतलं कुणी ना कुणी सुरतेला जातं, तसं सहज तोंडातून निघून गेलं. "बरं झालं," आबा म्हणाले. "मला वाटलं, लेखक मारतो की काय त्याला." पुस्तक संपलं, शेवटी म्हाताऱ्याची फक्त आठवण निघते, ती त्याच्या सुरतेच्या असण्यात बसून गेली. आबांनी फळ्यावर लिहायला सांगितलं: "ज्यांच्या घरातलं म्हातारं माणूस गप्प झालं आहे त्यांना. धीर देणारं." मी खडूनं ते स्वच्छ अक्षरात लिहिलं. माझा हात थांबला नाही. कचेरीत एक रेघ सोडत नाही म्हणून मिरवणारी मी.

आबांकडे जळगावच्या एक सिस्टर यायच्या, तिथल्या एका दवाखान्यात नर्स होत्या. आई धुळ्याला असल्यामुळे महिन्यातून एकदा चक्कर असायची. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांनी तलावात जीव दिला होता. वडील वर्षभर गप्प गप्प होते, आणि घरात नर्स असून कळलं नाही, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. त्यांचं वाचन साफ सुटलं होतं. आबांनी त्यांना हळूहळू परत आणलं. आधी पक्ष्यांवरचं लहान मुलांचं पुस्तक दिलं, मग सायकलवरून केलेल्या प्रवासाचं, मग विनोदी कथा. सिस्टरनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट मागून घेतली होती, आबा, काहीही द्या, फक्त पाण्यात जीव देणारं कुणी नको. आबांनी ते कुठं लिहून ठेवलं नव्हतं, ते त्यांना पाठ होतं. आणि त्या महिन्यात त्यांनी सिस्टरना ती सोनाराची कादंबरी दिली. मी तेव्हा कचेरीत होते, मला पत्ताच नव्हता.

पुढच्या शुक्रवारी आमचं वाचन चाललं असताना सिस्टर आत आल्या. आबांनी पावलांवरून ओळखलं आणि खुशीत म्हणाले, या. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं.

"आबा, हे तुम्ही वाचलं होतं?"

"बठ्ठं वाचेल शे," आबा म्हणाले.

सिस्टरनी पुस्तक उघडलं आणि पाच-सहा ओळी वाचल्या. पायऱ्या, चपला, पहाटेचं थंड पाणी. केसपेपर वाचावा तशा सरळ वाचल्या, आबांना हवं असायचं तसंच. त्या बसमध्ये हे वाचत होत्या. पारोळ्याला उतरल्या आणि दोन तास स्टँडवर बसून राहिल्या, असं त्यांनी सांगितलं. आबा म्हणाले, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. आबांच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं. अंधारात ओळखीच्या जिन्याची एक पायरी नाहीशी झाल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "मोजणीवाली, आपल्या प्रतीत फर्मा कमी होता का गं?"

त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. मी खरं सांगू शकत होते. तिघंच होतो आम्ही. मी म्हटलं, बघावं लागेल. आबांनी उठून आमची प्रत स्वतः काढली, शिलाईवरून अंगठा फिरवला, एकेक फर्मा बोटांनी मोजला. पूर्ण आहे, ते म्हणाले. मग सिस्टरना म्हणाले, चूक माझी आहे, मला झोप लागली असेल. सिस्टर म्हणाल्या, झोप लागली असती तर चाललं असतं आबा, मला वाटलं मी काय मागितलं होतं तेच तुम्ही विसरलात. त्या पुस्तक तिथंच ठेवून गेल्या. आणि मी त्या दिवशीही साडेसातची गाडी पकडली.

सोमवारी गेले तर सगळं दुकान पांढरं होतं. खालपासून वरपर्यंत, चारही कपाटं. आबांनी शनिवार-रविवार खपून प्रत्येक पुस्तकाचं तोंड भिंतीकडे केलं होतं. एकाही पुस्तकाचं नाव दिसत नव्हतं. फळा ओल्या फडक्यानं पुसलेला होता. "डोळे गेले तेव्हा कान होते," ते म्हणाले. "आता डोकं गेलं. अख्खं प्रकरण ऐकून मला एक अक्षर आठवत नाही, आणि ती सुरत मीच मनानं रचली असणार. मग बाकीच्यांचं काय सांगू मी लोकांना?" मी म्हटलं, एखाद्या वेळी होतं असं. एवढंच म्हटलं. तेव्हा तो यंत्रमागवाला मुलीला घेऊन आला. मुलगी दारातच उभी राहिली, यावेळी तिनं मोजलं नाही. आबांनी तिला सांगितलं, बाळ, यातलं मी काहीच वाचलेलं नाही. बाप तिचा हात धरून निघून गेला.

तीन आठवडे मी गप्प राहिले. रोज ठरवून जायची आणि रोज गाडी पकडायची. मला वाटायचं, खरं कळलं तर हे मला दारात उभं करणार नाहीत. आबा मात्र दिवसभर स्वतःची परीक्षा घेत बसायचे. सकाळी काय खाल्लं ते घोकायचे. धुळे-जळगाव रस्त्यावरची गावं सुलटी म्हणायचे, मग उलटी म्हणायचे, एखादं मागेपुढे झालं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मुलगा येऊन त्यांना जळगावला घेऊन गेला. डॉक्टरांनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, दिसत नसलेल्या माणसाला, आणि ते वाकडं आलं. विस्मरणाच्या गोळ्या सुरू झाल्या. मुलगा चांगला आहे, त्यानं काळजीपोटीच केलं. दुकानाचा गाळा त्यानं सोडून दिला, पुस्तकं पुण्याच्या वितरकाकडे परत गेली, तिथं आता क्लासवाल्यांचं ऑफिस आहे. माझ्या एका सुरतेपायी एवढं सगळं झालं.

गोळ्यांचं कळलं त्या दिवशी मी रजा टाकली आणि जळगावला गेले. आबा खुर्चीत बसले होते, वाळले होते. गोळ्यांनी गुंगी येते, म्हणाले, आता खरंच आठवत नाही. मी समोर बसून सांगितलं. आबा, तुम्ही काहीही विसरला नाहीत, ते प्रकरण मी वाचलंच नव्हतं, सुरतही माझीच. ते ऐकत राहिले. मग विचारलं, किती पानं? कुठून कुठवर? मी सांगितलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला रडू फुटलं. आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांनी मुलाला हाक मारली, "अरे, मनं डोकं शाबूत शे." दोनदा म्हणाले. हसत होते ते. एक पाच मिनिटं मला वाटलं, सगळं परत मिळालं.

मग ते शांत झाले. सिस्टरना सांगितलंस का, विचारलं. मी म्हटलं, इथून तिकडेच जाणार आहे. ते म्हणाले, पुस्तक आहे जवळ? होतं. वाच. मी ती बावीस पानं वाचली, एक अक्षर न सोडता, नाटक न करता. मला दोनदा पाणी प्यावं लागलं. आबा डोळे मिटून ऐकत होते, आणि मला ज्याची भीती वाटली होती तसं काहीही झालं नाही. शेवटी ते म्हणाले, "सगळ्यात चांगलं हेच लिहिलंय गं त्यानं." थोड्या वेळानं म्हणाले, सिस्टरना हे पुस्तक दिलं नसतं, पण दुसरं एक घर होतं माझ्या मनात, तिथं नक्की दिलं असतं. त्या घराचं नाव त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी घाईघाईनं बोलायला लागले. गाळा दुसरा बघू, जळगावातच बघू, घरातून सुरू करू, मी शनिवार-रविवार येत जाईन, गोळ्या बंद झाल्या की आठवडाभरात नवी पुस्तकं मागवू. आबांनी माझा हात थोपटला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"नको, संगीता," ते म्हणाले. "तू वाचशील. पण मी प्रत्येक पानाला कान देऊन बसेन, की काही राहिलं का. असं ऐकून कुणाला काय सांगणार?"

दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या, असंही मी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, आता कुणीही वाचलं तरी तेच होणार.

सिस्टरकडे गेले. त्यांनी वॉर्डच्या दारात उभं राहून सगळं ऐकून घेतलं. आबा विसरले नव्हते एवढं त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, मग मान हलवली आणि आत गेल्या. आबांना मात्र मधूनमधून भेटून जातात, असं कळतं. पुस्तकाचा विषय दोघंही काढत नाहीत.

मी महिन्यातून एकदा जळगावला जाते. आबांच्या गोळ्या बंद आहेत, डोकं लख्ख आहे, शेजारपाजारच्या सगळ्यांची दुखणी त्यांना माहीत आहेत. चहा होतो. पिशवीत एखादं नवं पुस्तक असतंच. कागदाचा वास त्यांना येतो. किती पानांचं आहे, विचारतात, मी सांगते. कुणासाठी आणलं, विचारतात, मी म्हणते, माझ्यासाठी. मग वाच, म्हणतात. आणि मी त्यांच्या शेजारी बसून मनातल्या मनात वाचते. ते डोळे मिटून पानं उलटल्याचा आवाज ऐकत बसतात. गेल्या वेळी मी एका पानावर अडकले, दोनदा वाचलं तरी पुढे जाववेना. बराच वेळ पान उलटलं नाही. आबांनी मान वर केली आणि थांबून राहिले. काय आहे त्या पानावर, असं ते विचारतील म्हणून मी वाट बघितली. त्यांनी विचारलं नाही. मग मी पान उलटलं.